खांद्यावरचा पोचा

शिसं घरी आलं तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते. शनिवारी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला घरी आले तर बाबा मागच्या शेडमध्ये पाठमोरे उभे होते. त्यांच्या पायाशी जाड गोधडीची घडी घालून ठेवावी तसं काहीतरी राखाडी पडलेलं होतं. मी ते बाजूला सरकवायला गेले, पण ते हललंसुद्धा नाही.

"एक्स-रेचं आहे," बाबा म्हणाले. "जुनं डिपार्टमेंट पाडलं ना. भिंतीतलं शिसं. फोरमनला विचारलं, तो म्हणाला, ने थोडं."

बाबा हॉस्पिटलात पोर्टर होते. पेशंटला ट्रॉलीवरून, व्हीलचेअरवरून इकडून तिकडे न्यायचं, हे त्यांचं काम. आई जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. तिच्या छातीचा फोटो काढायचा होता त्या दिवशी बाबा ड्यूटीवर होते, आणि त्यांनी ते काम मागून घेतलं म्हणून तिला त्यांनीच आत नेलं. फोटो काढणाऱ्या बाईंनी त्यांना शिशाच्या पार्टिशनमागे उभं राहायला सांगितलं. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, स्वयंपाकघरात कप धुताना, माझ्याकडे न बघता. "तिनं मान वळवून शोधलं मला. मी शिशाच्या मागं. काचेतून मला ती दिसत होती, पण तिच्या बाजूनं काचेवर उजेड होता. तिला काही मी दिसलो नाही."

आई गेल्यापासून ते वरच्या खोलीत झोपत नव्हते. पुढच्या खोलीतल्या खुर्चीतच डोळे मिटून बसायचे, आणि सकाळी त्या खुर्चीतूनच कामाला जायचे.

शेडमध्ये शिसं आलं याचं मला खरं तर फार नवल वाटलं नाही, कारण शिसं वितळवणं हा बाबांचा जुना उद्योग होता. तरुणपणी साताऱ्याला ते होमगार्डमध्ये होते आणि तिथे त्यांच्या हातात थ्री नॉट थ्री रायफल आली होती. इथे हॉस्पिटलच्या बॉयलरवर काम करणारा एक गोरा माणूस एका लहानशा रायफल क्लबचा सेक्रेटरी होता. गप्पांमध्ये थ्री नॉट थ्रीचा विषय निघाला आणि तो बाबांना घेऊन गेला. मग पोलिसांचं सर्टिफिकेट, जिन्याखाली लोखंडी कपाट, आणि कपाटात एक म्हातारी रायफल. विकतची काडतुसं परवडायची नाहीत, म्हणून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या आणि गोळ्या घरी साच्यात ओतायच्या. शिसं गॅरेजमधून मिळायचं, मोटारीच्या चाकांना लावतात ती वजनं.

आईला या प्रकाराची गंमत वाटे. बाबा रविवारी रायफल पुसत बसले की ती दारातून म्हणायची, "सवतीला तेल लावून झालं असेल तर जरा माझे गुडघेही बघा."

ती एरवी त्यांना हाक मारत नसे. नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण लोकांत 'अहो' म्हणायलाही ती लाजायची. मागून यायची आणि त्यांच्या खांद्यावर एक बोट टेकवायची. बाबा थांबायचे. सुपरमार्केटमध्ये, बसस्टॉपवर, लंडनजवळ पिनरला हळदीकुंकवाला गेल्यावर डॉक्टर लोकांच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळीकडे तेच. पिनरच्या एका बाईंनी तिला विचारलं होतं, "तुमचे मिस्टर कुठल्या स्पेशॅलिटीत?" आई म्हणाली, "ते सगळ्याच वॉर्डात जातात." परतीच्या वाटेवर बाबा गाडी चालवताना इतके हसले, की आईने खांद्यावर बोट टेकवून गाडी बाजूला घ्यायला लावली.

त्या शनिवारी शेडमध्ये बाबांनी मला विचारलं, "तू शिकतेस म्हणून विचारतो. यात काही राहतं का गं?"

"किरणं? नाही बाबा. शिसं फक्त अडवतं. आत काही राहत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी वाकून त्या घडीवरून हात फिरवला. माझं उत्तर बरोबर होतं, आजही मी तेच देईन. तरी त्यांना ते द्यायला नको होतं असं मला तेव्हाच वाटलं.

मग त्यांनी काय करायचं ठरवलंय ते सांगितलं. हे शिसं त्यांना घरात नको होतं, पण भंगारातही द्यायचं नव्हतं. सगळ्याच्या गोळ्या करायच्या आणि क्लबच्या रेंजवर निशाणामागे मातीचा उंच बांध होता त्यात घालवायच्या, एकेक करून. "संपलं की मी वर जाऊन झोपेन," ते म्हणाले.

हे वाक्य मी धरून ठेवलं. मला बेसिंगस्टोकला एका कंपनीत नोकरी मिळत होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि अशी नोकरी मिळालेलीही पहिलीच. पण कामावर लवकर हजर व्हायचं म्हणजे तिथे खोली घेऊन राहायला हवं होतं. बाबा मी असले की जेवायचे, नसले की चहा-टोस्टवर भागवायचे. ते खुर्चीत असताना मी कशी जाणार होते? ते वर झोपायला लागले तर मात्र जाता येईल, असा माझा साधा हिशेब होता.

पहिल्या गोळ्या फार वाईट गेल्या. रेंजवर कागदाच्या निशाणावर गोल भोकं पडायच्या ऐवजी लांबट, आडवी भोकं पडली होती. गोळ्या हवेत कोलांट्या खात आडव्या लागत होत्या. काही तर कागदाला लागल्याच नाहीत. बाबांचा चेहरा उतरला. नेम चुकल्याचं त्यांना एरवी कधी एवढं वाटत नसे.

बॉयलरवाल्या सेक्रेटरीने एक गोळी नखाने दाबून पाहिली. "अरे हे तर लोणी आहे. चाकाची वजनं घाल यात, थोडं कथील घाल. कडक होईल."

"मिसळायचं नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"नाही मिसळायचं."

तो माझ्याकडे वळला. "तुझा बाप हट्टी आहे."

"माहीत आहे मला. मीही त्यांचीच आहे," मी म्हणाले. "मिसळलं नाही तर दुसरा काही उपाय आहे का?"

त्याने एक भरलेलं काडतूस घेतलं, प्लॅस्टिकच्या पोकळ हातोडीत बसवलं आणि लाकडावर आपटलं. गोळी सुटून हातोडीच्या पोटात आली. ती त्याने मायक्रोमीटरमध्ये धरली आणि माझ्यासमोर केली. साच्यातून निघाली तेव्हा होती त्यापेक्षा ती बारीक झाली होती, अगदी केसभर.

"रायफल जुनी, नळी झिजून मोठी झालीय. म्हणून त्याने गोळी मोठी ओतली, ते बरोबर केलं," तो म्हणाला. "पण पुंगळीची मान कारखान्याच्या गोळीच्या मापाची आहे. कारखान्याची गोळी तांब्यात मढवलेली असते, ती आवळली तरी ऐकत नाही. ही मऊ. मानेत घातली की मान हिला आवळते, आणि ही बिचारी आवळून घेते. नळीत जाईपर्यंत हिच्यात धरायला काही उरतच नाही."

"म्हणजे गोळी नाही, डाय बदलायची," मी म्हणाले.

"शिकवतात वाटतं काहीतरी कॉलेजात," तो बाबांना म्हणाला. बाबा त्यावर हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

डाय म्हणजे मुठीएवढी पोलादी नळी, काडतुसं भरायच्या हातप्रेसच्या डोक्यात आट्यांनी बसते. खालून पुंगळी वर ढकलली की डाय तिला दाबून मूळ मापावर आणते. मग आतून एक गोलसर दांडा मानेतून जातो आणि मान गोळीच्या मापाची करतो. आमचा दांडा कारखान्याच्या गोळीसाठी होता. मला जाड दांडा हवा होता, त्या मऊ शिशाला दुखणार नाही असा. हे असेच शब्द माझ्या मनात आले आणि मी दचकले, म्हणून लिहिते आहे.

पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये लेथवर मी तो करून घेतला. दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी गोळीपेक्षा किंचित बारीक, म्हणजे मान गोळीला धरेल पण आवळणार नाही. दुसरी किंचित जाड, म्हणजे मानेचं तोंड अगदी थोडं उमलेल आणि गोळी आत बसताना काठाने तासली जाणार नाही. शेडमध्ये बाबांनी दांडा बसवला आणि आम्ही दोघं डाय थोडी खाली, पुन्हा थोडी वर असं करत बसलो. जास्त खाली गेली की तोंड कर्ण्यासारखं उघडायचं. कमी गेली की शिशाची बारीक साल निघून बाहेर यायची. ती साल बाबा टाकत नसत. चिमटीने उचलून परत भांड्यात टाकायचे.

भांड्यात शिसं वितळलं की वरचा थर क्षणभर आरशासारखा चकचकीत होई. मग त्यावर साय धरे, आधी पिवळट, मग निळसर. बाबा पळीने साय बाजूला करायचे आणि त्या चकचकीत तुकड्यात बघत थांबायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, गार होतंय."

"हो, हो," ते म्हणाले. "कोण दिसतं ते बघत होतो. मीच दिसतो."

डाय जमल्यावर आम्ही एक काडतूस भरून पुन्हा त्या हातोडीने उघडलं आणि गोळी मोजली. साच्यातून आली तेवढीच होती. पुढच्या रविवारी निशाणावर गोल भोकं पडली, एकमेकांना लागून. बाबांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि पुढचं काडतूस आत सरकवलं. प्रत्येक गोळी सुटल्यावर ते हळूच म्हणायचे, "गेली." बस तेवढंच. माझ्याशी नाही, सेक्रेटरीशीही नाही.

उन्हाळ्यात मी पास होऊन घरी आले. शेडमधल्या फळीवर शिशाच्या विटा रचलेल्या होत्या, त्या कमी होत गेल्या. बाबांच्यात फरक दिसायला लागला होता. मी नसतानाही वरणभाताचा कुकर लावायचे. संध्याकाळचा चहा खुर्चीत न पिता जिन्यात बसून पिऊ लागले. आधी खालच्या पायरीवर, मग हळूहळू वरच्या. मी काही बोलले नाही. बोलले तर ते उतरतील असं वाटायचं. बेसिंगस्टोकच्या कंपनीला मी ऑक्टोबरच्या शेवटी येते असं कळवलं.

खंडेनवमीच्या दिवशी मी खोली बघायला बेसिंगस्टोकला गेले होते. बाबांनी एकट्यानेच हत्यारांची पूजा केली. आई होती तेव्हा हे काम तिचं. ती पाने-पक्कड, लेथची माझी कटर, प्रेस, सगळ्यांना कुंकू लावायची, कपाटातल्या सवतीलाही. मी परत आले तेव्हा प्रेसवर झेंडूच्या ऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानातली शेवंती होती आणि डायच्या अंगावर लाल टिळा. छान दिसत होतं. मी फोटो काढायचं म्हणाले आणि राहून गेलं.

त्यानंतरच्या शनिवारी बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. टेबलावर डायमधून काढलेल्या पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या.

"बघ."

पुंगळीला मान असते आणि मानेखाली उतार असतो, त्याला खांदा म्हणतात. प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर एक पोचा होता. लहान, गुळगुळीत, आत दबलेला. ओल्या पिठावर बोट टेकवल्यावर उमटतो तसा.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"सगळ्यांना."

बाबांचा हात नकळत स्वतःच्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मी अभियांत्रिकी शिकलेली मुलगी, पण मी वळून दाराकडे बघितलं, हे मी नाकारणार नाही.

"थांब म्हणतेय ती," बाबा म्हणाले.

"बाबा, काहीतरी कारण असेल. मी बघते."

"बघ तू. पण मी थांबतो."

आणि ते थांबले. उरलेलं शिसं फळीवर तसंच. संध्याकाळी चहा घेऊन ते जिन्याकडे न जाता खुर्चीत बसले. माझी खोली ठरली होती, आठवडाभराचं भाडं भरलं होतं. मला रडू आलं, पण शेडमध्ये जाऊन मी डाय उघडली, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुंगळी डायमध्ये अडकू नये म्हणून तिला ग्रीस लावतात. जादा ग्रीस आणि हवा बाहेर जायला डायच्या अंगाला एक बारीक भोक असतं, बरोबर आतल्या खांद्याच्या उंचीवर. मी डाय उजेडाकडे धरून आतून पाहिली. भोकातून उजेड येत नव्हता. बाहेरून पाहिलं तर तिथेच टिळा होता. पाण्यात कालवलेलं कुंकू भोकात जाऊन वाळून दगड झालं होतं. आतलं ग्रीस बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते पुंगळीच्या खांद्यावर दाबलं जात होतं. पोचा त्याचा होता.

टाचणीने ते टोकरून काढलं. लाल भुकटी कागदावर पडली. मी कागद, टाचणी, डाय सगळं घेऊन पुढच्या खोलीत गेले आणि बाबांना समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा भोकातून खिडकीकडे पाहिलं.

"म्हणजे टिळा मी लावला, तो बरोबर भोकावर."

"हो. एवढंच आहे बाबा."

"एवढंच आहे. मी कुठे नाही म्हणतो?" ते कागदावरच्या भुकटीकडे बघत म्हणाले. "कुंकू तिच्या करंड्यातलं होतं. घरात दुसरं नाही."

मी कागद दुमडून भुकटीची पुडी केली.

"आणि इतकी वर्षं ही डाय हाताळतो मी. भोक कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल," ते म्हणाले. "त्या दिवशी दिसलं कसं नाही?"

मी डाय उचलली आणि म्हणाले, "चला, एक पुंगळी काढून बघू."

शेडमध्ये मी ग्रीस लावलेली पुंगळी ठेवली आणि बाबांनी प्रेसचं हँडल ओढलं. पुंगळी खाली आली. बाबांनी ती पुसली आणि खांद्यावरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलट बाजूने. खांदा साफ होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सुटल्यासारखं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. पण फोटो बघून डॉक्टर बाहेर येतात आणि आपण खुर्चीतून अर्धवट उठतो, तसे ते दिसत होते.

"काही नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

पोचे पडलेल्या पुंगळ्या टाकून द्याव्यात का, असं मी सेक्रेटरीला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "एवढ्याशा पोच्याने काय होतंय? भर आणि उडव. आतल्या दाबाने आपोआप निघून जातो." मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते भांडं तापवत होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली. उरलेल्या विटा त्यांनी त्या आठवड्यात ओतून संपवल्या, आणि त्या पोच्याच्या पुंगळ्या सगळ्यात शेवटी भरल्या.

रविवारी रेंजवर वारा नव्हता. साफ काडतुसं आधी गेली. मग बाबांनी डबीतून पोच्याची पहिली काढली आणि आत घालण्याआधी क्षणभर धरून ठेवली. गोळी सुटली. त्या वेळी ते 'गेली' म्हणाले नाहीत. बोल्ट मागे ओढून त्यांनी गरम पुंगळी हातात घेतली आणि खांद्यावर अंगठा फिरवला. मग माझ्याकडे दिली. "निघाला," ते म्हणाले. पोचा खरंच गेला होता. धातू गुळगुळीत होता, नुकता घडवल्यासारखा. असं प्रत्येकीचं झालं. ते गोळी सोडायचे, पुंगळी चाचपून बघायचे आणि माझ्या हातात द्यायचे. माझ्या दोन्ही मुठी ऊबदार पुंगळ्यांनी भरल्या. शेवटची त्यांनी चाचपली नाही, तशीच माझ्या मुठीवर ठेवली.

सेक्रेटरी लांबून म्हणाला, "संपलं का रे तुझं लोणी? कागद बघ जाऊन, चांगला जमलाय तुला." बाबा कागद आणायला गेले नाहीत. तो त्यानेच आणून गाडीच्या मागच्या सीटवर टाकला.

घरी आल्यावर त्यांनी रायफल पुसली, कपाटाला कुलूप लावलं, जेवले, आणि जिना चढून वर गेले. मी खाली बसून राहिले. वरच्या खोलीतली जमिनीची फळी एकदा वाजली, मग काही आवाज आला नाही.

सकाळी चहा घेऊन मी वर गेले. दार उघडंच होतं. बाबा पलंगावर उठून बसले होते, पण त्यांच्या बाजूला नाही. आईच्या बाजूला. त्यांची उशीही त्यांनी तिकडे घेतली होती. त्यांच्या बाजूची चादर ताणलेली, सुरकुती नसलेली.

"इकडून दार दिसतं," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "मी नाइट ड्यूटीवरून येईपर्यंत ती असं बघत पडायची. मला कधी माहीत नव्हतं इथून काय दिसतं."

मी कप त्यांच्या हातात दिला. "झोप लागली?"

त्यांनी थोडा विचार केला. "लागली असेल," ते म्हणाले. "कुणी उठवलं नाही." मग दाराकडे बघत त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तू तुझं सामान बांध."